सात होड्या आणि एक पंप

मुंबईच्या गोदीत एके काळी सात होड्या होत्या. लांबट, अरुंद, पाण्याला लगटून धावणाऱ्या. दुरून पाहिलं तर धुराड्याखेरीज फारसं काही नजरेत भरत नसे. मोठ्या तोफांच्या जहाजांशेजारी त्या अगदीच किरकोळ दिसत. पण त्यांच्यावर नळ्या बसवलेल्या होत्या आणि त्या नळ्यांतून टॉर्पेडो सुटत असे.

टॉर्पेडो ही तेव्हा नवी आणि भयंकर वस्तू होती. रॉबर्ट व्हाइटहेड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फियूमे गावात १८६६ साली तो करून दाखवला. पोटात दाबून भरलेली हवा, त्या हवेवर चालणारं चिमुकलं इंजिन, मागे पंखे आणि पुढे दारू. १८७८ च्या जानेवारीत रशियनांनी बाटुमच्या बंदरात याच हत्याराने तुर्कांची एक आगबोट बुडवली. एवढीशी होडी एवढ्या मोठ्या जहाजाला तळाशी धाडू शकते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पुढे १८८५ साली अफगाण सरहद्दीवर पंजदेह इथे रशियन फौज घुसली आणि इंग्रजांचं धाबं दणाणलं. उद्या रशियन आरमार मुंबईवर चालून आलं तर? बंदराच्या राखणीला ॲबिसिनिया आणि मॅग्डाला ही दोन चिलखती जहाजं होती. दोन्ही १८७० च्या सुमाराची, जड आणि संथ. म्हणून हिंदुस्थान सरकारने विलायतेत सात टॉर्पेडो-बोटी बांधून घेतल्या. त्यांना नावं दिली बलुच, गुरखा, कारेन, पठाण, मराठा, शीख आणि राजपूत. साहेबाला ज्या जातीजमाती लढाऊ वाटत त्यांचीच ही नावं. त्यांतल्या कुणाला विचारून ठेवली नव्हती, हे सांगायला नको.

गोष्ट ‘मराठा’वरच्या एका आगवाल्याची आहे. त्याचं नाव गोष्टीत टिकलं नाही. रत्नागिरीकडच्या कुठल्याशा खाडीकाठचा होता, एवढंच सांगतात. हाताखाली एक पोऱ्या होता, बारा-तेरा वर्षांचा. तो त्याला तात्या म्हणे.

होडीच्या पोटात रेल्वेच्या इंजिनाला असतो तशा जातीचा बॉयलर होता. जागा इतकी कमी की दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नसत. भरधाव जायचं झालं की वरचं झाकण घट्ट लावून घेत आणि पंख्याने आत हवा कोंडत. मग भट्टी फुफाटे, कानात दडे बसत, आणि आतली माणसं आतच राहत. झाकण उघडलं की दाब जाई आणि आग मंदावे. अशा वेळी नळी फुटली तर पळायला वाट नाही, हे आगवाल्याला ठाऊक होतं. पोऱ्याला त्याने पहिल्याच दिवशी ते सांगितलं आणि मग पुन्हा कधी सांगितलं नाही.

होडी बहुतेक दिवस उभीच असे. पावसाळ्यात तर हलतच नसे. तरी आगवाला रोज सकाळी खाली उतरे. बॉयलरच्या नळ्यांतून लांब दांड्याचा ब्रश फिरवी. एकेका नळीच्या तोंडाशी दिवा धरून पाही. उघड्या लोखंडाला सफेदा आणि चरबी कालवून त्याचा लेप देई, कारण मुंबईची दमट हवा एका रात्रीत तांबेरा आणी. बाहेरचा पत्रा पातळ होता. गंज काढताना हातोडी जोरात बसली तर आरपार जाईल, म्हणून तो पोऱ्याला मोठी हातोडी देत नसे. पोऱ्या खरवडणीने खरवडे आणि कंटाळे.

वाफ केली की कंडेन्सरमधून उतरलेल्या पाण्याचा एक थेंब आगवाला बोटावर घेई आणि जिभेच्या टोकाला लावी. पोऱ्यालाही लावायला सांगे.

“काय लागतं?”

“काही नाही.”

“काही नाही लागलं म्हणजे बरं. खारट लागलं तर समजायचं, कुठून तरी समुद्र आत आला. बॉयलरमध्ये खारं पाणी गेलं की आत पुटं धरतात. पुटं धरली की नळी जळते.”

एकदा पोऱ्याने विचारलं, “तात्या, हा रशियावाला कधी येणार?”

“मला काय ठाऊक?”

“दोन वर्षं झाली, आला नाही. मग आपण हे रोज कशाला करायचं? तो निघाला की तार येईल ना. तेव्हा करू.”

आगवाला हसला नाही, रागावलाही नाही. त्याने पोऱ्याच्या हातात दिवा दिला आणि खालच्या रांगेतली एक नळी दाखवली. नळीच्या तोंडाशी पांढरट ओघळ होता, सुकलेला, जेमतेम नखाएवढा.

“हा काल नव्हता,” तो म्हणाला. “याने तार केली होती का?”

त्या दिवशी दोघांनी मिळून ती नळी ठोकून फुगवून बसवली. दुपारचं जेवण राहिलं. पोऱ्या संध्याकाळपर्यंत गप्प होता.

शेजारच्या होडीवर दुसरा आगवाला होता. वाईट माणूस नव्हता. गप्पा छान मारी, गाणी म्हणे, आणि त्याच्या होडीचं पितळ आरशासारखं लखलखे. साहेब धक्क्यावरून चालत जाई तेव्हा त्याला पितळच दिसे. खाली बॉयलरपाशी वाकून कोण पाहणार? त्याने गंजावर रंग मारला होता. रंग काळा होता, गंज तांबडा होता, आणि खाली उजेड नव्हता. दोन पावसाळे त्याचं निभावलं.

मग एके दिवशी सकाळी हुकूम आला. होड्यांनी वाफ करायची आणि बंदराच्या तोंडापर्यंत भरधाव जाऊन यायचं. आधी वर्दी नव्हती, तसा हुकूमच होता. धक्क्यावर धावाधाव झाली. सारंग ओरडू लागला. कोळशाच्या टोपल्या खाली जाऊ लागल्या.

‘मराठा’ची भट्टी पेटली. काटा हळूहळू चढला. आगवाल्याने थेंब जिभेला लावला, मान डोलावली आणि झाकण लावून घेतलं. होडी निघाली. पोऱ्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त फावडं, भट्टीचं तोंड आणि तात्याचा हात दिसत होता. ती गेली आणि आली. वर येऊन त्याने पाहिलं तेव्हा समुद्र नेहमीसारखाच होता.

शेजारच्या होडीची भट्टीही पेटली होती. पण काटा अर्ध्यावर आला आणि नळ्यांच्या तोंडांतून पाणी सुटलं. एकीतून, मग तीन नळ्यांतून. झाकण अजून लावलं नव्हतं, हे नशीब. माणसं वर आली, कुणाला फारसं भाजलं नाही. आग ओढून बाहेर काढावी लागली. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं. त्या आगवाल्याचा पगार कापला गेला. ‘मराठा’च्या आगवाल्याला कुणी शाबासकी दिली नाही. होडी जाऊन येणं हे होडीचं कामच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सफेद्याचा डबा, ब्रश आणि पोऱ्या असं सगळं घेऊन शेजारच्या होडीवर गेला. दोघे आगवाले दिवसभर खाली होते. वर गाण्याचा आवाज येत होता, म्हणजे भांडण झालं नसावं.

रशियन आरमार आलं नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. १८९२ साली या होड्या इंग्लंडच्या आरमाराकडे गेल्या. नावं गेली आणि आकडे आले, १०० पासून १०६ पर्यंत. ‘मराठा’ची १०४ झाली. पोऱ्याला वाईट वाटलं. आगवाल्याने नळ्या मोजल्या, त्या तेवढ्याच होत्या, म्हणून तो कामाला लागला.

त्यानंतर वर्षभरातच विलायतेत टॉर्पेडो-बोटींचा काळ पाण्यात उतरला. हॅव्हॉक नावाच्या जहाजाचं जलावतरण १८९३ मध्ये झालं, त्याच जातीला पुढे विनाशिका म्हणू लागले. टॉर्पेडो-बोटींना गाठून बुडवायचं हेच त्याचं काम होतं. ते तसंच वेगवान आणि आकाराने कितीतरी मोठं होतं. सात होड्या जुन्या झाल्या. त्यांच्याआधी राखणीला असलेली ॲबिसिनिया १९०३ मध्ये विकली गेली, मॅग्डाला १९०४ मध्ये. गेटवे ऑफ इंडियाची कमान बांधून व्हायला अजून वीस वर्षं होती. त्या सगळ्या काळात मुंबईच्या बंदरावर एकही शत्रूचं जहाज चालून आलं नाही.

आगवाला म्हातारा झाला आणि गावी गेला. जाताना त्याने पोऱ्याला काही दिलं नाही, कारण हत्यारं सरकारची होती. फक्त म्हणाला, “जीभ जपून ठेव. तंबाखूने चव जाते.”

पोऱ्या तोवर मिशीवाला झाला होता. तो गोदीत चिकटला. त्याचा मुलगा गोदीत लागला, नातू लागला, पणतूही लागला. जहाजं बदलली, झेंडा बदलला, कोळसा जाऊन तेल आलं. आजोबा-पणजोबांची गोष्ट मात्र घरात राहिली, जशी काही घरांत तांब्याची घंगाळं राहतात. पणतू फिटर होता. नोकरीत असेपर्यंत कांजूरमार्गच्या नेव्हीच्या सिव्हिलियन वसाहतीत राहिला. निवृत्त झाल्यावर मुलुंडला भाड्याने खोली घेतली आणि घरी बसवेना म्हणून जवळच्या एका टॉवरमध्ये पंप ऑपरेटर झाला. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला जिथे पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे आता असे टॉवर उभे आहेत. हा बावीस मजल्यांचा होता. सगळे त्याला काका म्हणत.

टॉवरच्या तळघरात दोन प्रकारचे पंप होते. एका प्रकारचे रोज चालत आणि लोकांच्या नळाला पाणी देत. दुसरे आगीसाठीचे. त्यांत एक छोटा जॉकी पंप, एक मोठा विजेचा आणि एक डिझेलचा. वीज गेली, आणि आगीत बहुधा ती जातेच, की डिझेलचा सुरू व्हायचा. एरवी तो उभा. लाल रंगाचा, धुळीने माखलेला.

काकांनी पहिल्याच आठवड्यात धूळ पुसली. शनिवारी सकाळी दहा वाजता पंप सुरू केला. काळा धूर निघाला, मग पांढरा, मग साफ झाला. दाबाचा काटा पाहिला, बॅटरीचं पाणी पाहिलं, पंप बंद केला, वहीत लिहिलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग दर शनिवारी.

तीन महिन्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. सज्जन गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. हातात डिझेलची पावती होती.

“काका, इमारतीला नऊ वर्षं झाली. एकदाही आग लागली नाही.”

“चांगलंच आहे की.”

“मग दर शनिवारी हे कशाला? कायद्याने वर्षातून दोनदा तपासणी होते. एजन्सीवाला जानेवारीत येतो, जुलैत येतो, फॉर्म बी देतो. आपलं सगळं रीतसर आहे.”

“फॉर्म बी फाइलमध्ये असतो, साहेब. पंप इथे असतो.”

सेक्रेटरींना ते लागलं असावं. कमिटीत ठराव झाला, पंप महिन्यातून एकदाच चालवायचा. काकांनी मान्य केलं. उरलेल्या शनिवारी ते डिझेल न जाळता खाली बसू लागले. शाफ्ट हाताने फिरवून पाहत. व्हॉल्व्ह उघडून बंद करत. आणि वेळ उरला की एकेका मजल्यावर जाऊन लाल पेटी उघडत.

बाराव्या मजल्यावरच्या पेटीत होज होता, नोझल नव्हतं. नोझल पितळी असतं, भंगारात भाव येतो. चौदाव्यावर पेटीच्या आत कुणीतरी झाडू, फिनेलची बाटली आणि चपलांचा जुना रॅक कोंबला होता. पेटीचं दार उघडता उघडता रॅक पायावर पडला. सतराव्यावर व्हॉल्व्ह फिरतच नव्हता. काकांनी सगळं वहीत लिहिलं आणि वही सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवली. कुणाचं नाव लिहिलं नाही. मजल्याचे आकडे लिहिले.

जुलैत एजन्सीवाला आला. बॅग उघडली, शिक्का काढला. काका म्हणाले, “थांबा जरा, गच्चीवर पाणी आणून दाखवा.” तो म्हणाला, त्याची गरज नसते. सेक्रेटरी तिथेच उभे होते. त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, “दाखवा तर खरं.”

मेन स्विच पाडला, म्हणजे विजेचा पंप बंद. खाली डिझेलचा पंप सुरू झाला. वर गच्चीवर दोघांनी होज धरला. हवा सुसाटली, होज थरथरला, गढूळ पाणी ठिबकलं आणि मग थांबलं. काटा खाली ठीक होता. वर पाणी नव्हतं. काका जिन्याने खाली उतरू लागले, प्रत्येक मजल्यावर पाइपला हात लावत. कुठवर पाइप भरलेला आहे ते हाताला कळतं. अठराव्यावर पाइप सुना लागला. सतराव्यावर भरलेला. मधला व्हॉल्व्ह कधीतरी गळतीच्या दुरुस्तीसाठी कुणीतरी बंद केला होता आणि तो तसाच अडकला होता. किती दिवस तसा होता, कुणी सांगू शकलं नाही. मागच्या दोन फॉर्मवर सगळं ठीक असल्याचा शिक्का होता.

त्या रात्री सेक्रेटरी तळघरात येऊन बसले. काकांनी त्यांना सात होड्यांची गोष्ट सांगितली, वर सांगितली तशीच. जिभेवरच्या थेंबासकट.

सगळं ऐकून सेक्रेटरींनी बँकवाल्याचा प्रश्न विचारला. “पण काका, शेवटी त्या होड्यांनी केलं काय? एक लढाई नाही, एक टॉर्पेडो शत्रूवर नाही. पैसा वायाच गेला म्हणायचा.”

“गेला असेल,” काका म्हणाले. “सरकारचा हिशेब मला कळत नाही. तात्याचा कळतो.”

इथे गोष्ट सांगणाराही जरा थांबतो. रशियन आरमार या सात होड्यांना भिऊन आलं नाही, असं म्हणणं धाडसाचं होईल. त्याला न येण्याची स्वतःची शंभर कारणं असतील. तयारीची अडचण हीच आहे. ती उपयोगी पडली की नाही, याचा दाखला बहुतेक वेळा मिळतच नाही. म्हणून तिच्यावर खर्च करताना हात आखडतो, आणि म्हणून पितळ चमकवून गंजावर रंग मारणारा आगवाला प्रत्येक काळात सापडतो. त्याला खोटं बोलायचं नसतं. त्याला फक्त वाटत असतं की शत्रू समुद्रावरून येईल आणि यायच्या आधी कळवेल. तात्याला ठाऊक होतं की तो रोज येतो, नखाएवढा होऊन, नळीच्या तोंडाशी. त्याची लढाई तिथे झाली आणि त्याने ती बऱ्याचदा जिंकली. इतिहासात तिची नोंद नाही, कारण तिच्यात कुणी बुडलं नाही.

मुंबईला तयारीचा दुसरा पाठही मिळालेला आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावर आग लागली, आत दारूगोळा आणि कापूस शेजारी शेजारी भरलेला होता, आणि मग जे स्फोट झाले त्यांत आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान गेले. त्यांच्या आठवणीत दर वर्षी त्याच तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. काकांच्या टॉवरमध्ये त्या आठवड्यात पूर्वी फक्त नोटीस लागत असे.

कमिटीची पुढची सभा ऑगस्टमध्ये झाली. नोझल आणि व्हॉल्व्हच्या खर्चाला कुणी हरकत घेतली नाही. शनिवारच्या डिझेलवर मात्र तासभर वाद झाला. खजिनदार म्हणाले, महिन्यातून दोनदा पुरे. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, धुराचा त्रास होतो. सेक्रेटरींनी धुराड्याचा पाइप वाढवून देण्याचं कबूल केलं. शेवटी चार विरुद्ध तीन मतांनी दर शनिवार मंजूर झाला. चौदाव्या मजल्यावरचा रॅक कुणाचा, हे अजून ठरलेलं नाही. तो सध्या तळघरात आहे आणि काका त्यावर सफेद्याचा डबा ठेवतात.